आईंच्या बोटांना येणाऱ्या मुंग्या

जुलै २०२३ मधली गोष्ट. सासूबाई दोन-तीन दिवस सांगत होत्या, "अगं, आंघोळीला बसले की नळाला हात लावताना बोटांना मुंग्या येतात." त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह. तळपायांना मुंग्या येणं नेहमीचंच. त्यामुळे मी आणि नवरा दोघंही तेच धरून चाललो. बी-१२च्या गोळ्या संपल्यात का ते मी बघितलं, नवऱ्याने डॉक्टरांची वेळ घेतली. नळाकडे कुणी बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी विळीवर भोपळा चिरताना माझा अंगठा कापला. रक्त धुवायला बाथरूममध्ये गेले, घाईत स्लिपर पायात घातली नाही. नळाला हात लावला आणि कापलेल्या जागी सुई खुपसल्यासारखं झालं, पार मनगटापर्यंत. हात झटकन मागे घेतला आणि त्याच क्षणी आईंचं वाक्य आठवलं. मला इतके दिवस काहीच का जाणवलं नव्हतं? कारण मी बाथरूममध्ये कायम रबरी स्लिपर घालते. आई अनवाणी, ओल्या फरशीवर उकिडव्या बसून आंघोळ करतात.

घरातली किरकोळ दुरुस्ती मीच करते. नळाचा वॉशर बदलणं, टाकीचा बॉलकॉक बसवणं, टेफ्लॉन टेप गुंडाळून अँगल कॉक पुन्हा घट्ट करणं, हे माझ्या हातातलं काम. पाणी मुख्य कॉकपाशी बंद केलं की चुकून चुकलं तरी फार तर फरशी ओली होते. विजेचं मात्र बल्ब-ट्यूबच्या पुढे मी जात नाही. टेस्टर तेवढा घरात आहे. तो नळाला लावला तर आतला दिवा मंद लाल पेटला. गीझरचं बटण बंद केलं, दिवा गेला. चालू केलं, पुन्हा पेटला. मग गीझरचा एमसीबीच, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, खाली पाडला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि बाथरूमच्या दारावर खडूने लिहिलं : गीझर लावू नये. आईंचं आंघोळीचं पाणी गॅसवर तापायला लागलं.

आता बोलवायचं कुणाला? करंट नळाला येतोय म्हणजे हे काम प्लंबरचं की वायरमनचं, इथेच आमचा गोंधळ झाला. आधी प्लंबरला फोन केला, कारण फेब्रुवारीत आमच्या सोसायटीचं पाइपलाइनचं काम त्यानेच केलं होतं. इमारत १९८६ची, कोथरूडमधली. जुने लोखंडी जीआय पाइप आतून गंजून निम्मे बुजले होते, सकाळी पहिली बादली पिवळी यायची. सगळ्या डक्टमधले, म्हणजे पाइप नेण्यासाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतले, पाइप काढून नवे प्लास्टिकचे, सीपीव्हीसीचे घातले. पाण्याला जोर आला, सगळे खूश. प्लंबर फोनवर म्हणाला, "पावसाळ्यात भिंतीत ओल असते ताई, थोडा करंट उतरतो. ऊन पडलं की जाईल."

दुसऱ्या दिवशी जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक मुलगा आला. त्याने सॉकेट उघडलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, "अर्थिंग मिळत नाहीये. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये छोटी वायर टाकून देतो, काम होऊन जाईल." (फेजच्या तारेने करंट येतो, न्यूट्रलने परत जातो, आणि कुठे गळलाच तर अर्थिंगची तार त्याला जमिनीत नेते.) दीडशे रुपये मागितले. मी हो म्हणणारच होते. पण नेहमी वर्तमानपत्र वाचत बसणाऱ्या आई आतून म्हणाल्या, "आज राहू दे, विचारून करू." त्यांच्या त्या एका वाक्याने केवढं वाचवलं ते मला दोन दिवसांनी कळलं.

ज्यांना विचारलं ते काका आमच्या गल्लीतलेच. परवानाधारक वायरमन, वीज मंडळातून निवृत्त. आता कामं घेत नाहीत, पण मी सगळं सांगितल्यावर पिशवी घेऊन आले. त्या मुलाचा उपाय ऐकून ते थबकलेच. म्हणाले, "वहिनी, ती वायर टाकली असती तर टेस्टर लावून सगळं ठीक दिसलं असतं. पण उद्या मीटरकडून येणारा न्यूट्रल कुठे सुटला, तर पंख्यातून, बल्बमधून जाऊन परत येणारा फेज त्याच वायरने गीझरच्या पत्र्यावर आला असता. पूर्ण २३० व्होल्ट." हे असं जोडलेलं त्यांनी अनेक घरांत काढून टाकलं आहे, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्याकडे कुणी असं करून गेलं असेल, त्यांनी ते आजच काढून घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मग त्यांनी पिशवीतून होल्डरला दोन वायरी लावलेला शंभर वॉटचा साधा बल्ब काढला. सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये तो लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला, पेटलाच नाही. तारही लाल झाली नाही. "मल्टिमीटर खोटे आकडे दाखवू शकतो, बल्ब खोटं बोलत नाही," ते म्हणाले. म्हणजे आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांच्या प्लगची ती सगळ्यात जाड, लांब पिन इतके दिवस रिकाम्या भोकात जात होती.

पण मग आधी होतं का? काकांनी बोर्डातली उघडी अर्थिंगची तार धरून माग काढला. बोर्डातून भिंतीत, भिंतीतून डक्टमध्ये. त्यांनी डक्टची खिडकी उघडून बॅटरी मारली आणि मला म्हणाले, "या, बघा." गंजलेल्या तारेच्या टोकाला एक क्लॅम्प, आणि क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेला वीतभर लांबीचा जीआय पाइपचा तुकडा. दोन्ही बाजूंनी कापलेला. हवेत लोंबकळत होता.

१९८६ साली ज्याने वायरिंग केलं त्याने अर्थिंगची तार सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधली होती. पाइप जमिनीत गेलेला, म्हणजे अर्थिंग झालं, असा तेव्हाचा हिशोब. पूर्वी असं सर्रास करायचे. फेब्रुवारीत लोखंडी पाइप गेला, प्लास्टिकचा आला, आणि आमचं अर्थिंग त्या दिवशी करवतीने कापलं गेलं. प्लंबरने पाइप कापला, तार त्याच्या कामातली नव्हती. वायरमनला तर कुणी बोलावलंच नव्हतं. पाणी व्यवस्थित आलं, दिवे व्यवस्थित लागले, मग शंका कुणाला येणार?

गीझर काकांनी मेगरवर घेतला. मेगर पाचशे व्होल्टचा दाब देऊन वायर आणि पत्रा यांच्यातला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजतो. निदान एक मेगाओहम तरी यायला हवा, आमचा काटा शून्याला चिकटला. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर चुन्याचा जाड थर होता, आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. थराखाली कॉइलची नळी चिरली होती. चिरीतून पाणी आत, करंट बाहेर. काका म्हणाले, ही चीर कदाचित फेब्रुवारीच्या आधीचीही असेल. तेव्हा करंटला पाइपातून जमिनीत जायला वाट होती म्हणून तो गुपचूप जात होता. वाट बंद झाली, आता तो हाताला लागतो.

नुसत्या मुंग्याच का, मोठा शॉक का नाही, हे मी विचारलं. गीझरपासून नळापर्यंतच्या प्लास्टिकच्या पाइपात पाण्याची लांब, बारीक धार असते. तिच्या रोधाने करंट दोन-चार मिलिअँपिअरवर अडला. गीझरच्या खालच्या पितळी नटाला हात लागला असता तर मध्ये अडवणारं काही नव्हतं. हे ऐकताना माझे पाय लटपटले. मागच्याच महिन्यात त्या नटातून थेंब गळत होता म्हणून मी पाना घेऊन तो आवळला होता. बटण बंद होतं, एवढंच.

एमसीबी का पडला नाही, हा माझा पुढचा प्रश्न. दोन हजार वॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याचा एमसीबी सोळाचा. तो पडतो वायर तापायच्या बेताला आली किंवा शॉर्ट झालं तर. तो वायरीची राखण करतो. माणसाची राखण करणारा निराळा असतो, आरसीसीबी. आपल्याकडे अजून त्याला ईएलसीबीच म्हणतात. घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सारखा ताडून बघतो, आणि दोन्हींत ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की क्षणार्धात सगळं बंद करतो. मी तो लगेच लावा म्हटलं. काकांनी लावलाही, अडीच हजारांच्या आसपास खर्च आला. पण त्यांनी एक गोष्ट मला दोनदा सांगितली : "अर्थिंगशिवाय नुसता हा लावला, तर तो माणसाला झटका बसल्यावर पडेल. अर्थिंग असेल तर माणसाचा हात लागायच्या आधी पडेल."

तेव्हा लक्षात आलं की प्रश्न आमच्या एका घराचा नाही. त्या डक्टवर आठ घरं आहेत, आठही घरांच्या तारा त्याच पाइपला. संध्याकाळी मी आणि काका दारोदार गेलो. आठपैकी एका घरातही बल्ब पेटला नाही. आरसीसीबी दोन घरांत, पैकी एकाचा सारखा पडतो म्हणून कुणीतरी तो बाजूने वायर टाकून निकामी करून ठेवलेला. पहिल्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ आहे, त्याचं पाणी गीझरचंच.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. पाइपलाइनवर नुकतेच पैसे गेलेले, त्यामुळे पुन्हा वर्गणी म्हटल्यावर चुळबूळ सुरू झाली. एकांनी विचारलं, वीज कंपनीला का नाही सांगत? मीटरपर्यंतचं त्यांचं, मीटरनंतरचं आपलं, हे काकांनी समजावलं. मी तो वीतभर पाइपचा तुकडा क्लॅम्पसकट पिशवीतून नेला होता, तो टेबलावर ठेवला. सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. त्यानंतर फार बोलावं लागलं नाही.

परवाना असलेल्या कंत्राटदाराने मीटररूमच्या मागे दोन खड्डे घेतले. आमच्याकडे दोन-तीन फुटांखाली मुरूम आणि मग काळा दगड, त्यामुळे खोदाईलाच चार दिवस गेले. त्यात इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरायचे धातूचे तुकडे, बसवले, तिथून मीटररूममध्ये धातूची पट्टी आणली आणि तिथून प्रत्येक घराला स्वतंत्र हिरवी वायर. जमिनीत जायच्या वाटेचा रोध मोजला, तो जितका कमी तितका चांगला. रीडिंग आलं २.८ ओहम. सेक्रेटरी खूश झाले, पण काकांनी वहीत आकडा लिहून पुढे लिहिलं : "पावसाळ्यातला." ओल्या जमिनीत रीडिंग चांगलंच येणार. खरी परीक्षा उन्हाळ्यात जमीन सुकल्यावर, म्हणून एप्रिलमध्ये पुन्हा मोजायचं ठरलं.

अर्थिंग आल्यावर आमच्या घरी तिसऱ्याच दिवशी रात्री अंधार झाला. मुसळधार पाऊस होता, आरसीसीबी पडलेला, वर केला की पुन्हा पडे. काकांना रात्री उठवायचं जिवावर आलं. त्यांनी शिकवून ठेवलं होतं तसं केलं : सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. गॅलरीच्या दिव्याचा एमसीबी वर करताच खटकन पडला. तो एक खाली ठेवला, बाकी घर उजळलं. सकाळी काकांनी होल्डर उघडला तर आत पाणी साचलेलं. इथपर्यंत शोधणं माझं काम होतं. होल्डर उघडणं त्यांचं होतं, आणि ते मी केलं नाही.

त्या वर्षात मी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली. गळणारा नळ, न थांबणारा फ्लश, तुंबलेलं बेसिन मी बघते. भिंतीच्या आतला पाइप गळत असेल, विशेषतः ओल स्विचबोर्डाच्या दिशेने सरकत असेल, तर बोर्डाचा पुरवठा बंद करून दोघांनाही एकाच दिवशी बोलावते, प्लंबर आणि वायरमन, म्हणजे एकाने दुसऱ्यावर ढकलायला नको. बोर्ड गरम लागला, जळका वास आला, एखादा एमसीबी पुन्हा पुन्हा पडला, पाणी लागलेल्या कुठल्याही धातूला झिणझिण लागली, तर मेन बंद, आणि वायरमन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि पाइप बदलायचे असतील तर करवत चालण्याआधी वायरमनला डक्ट दाखवायचं. हे आम्ही सोसायटीच्या वहीत ठराव म्हणून लिहून ठेवलं आहे.

एप्रिल २०२४ मध्ये काका अर्थ टेस्टर घेऊन आले. ४.१ ओहम. "चालेल. मे महिनाभर खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालत जा." ते काम वॉचमनने घेतलं.

आरसीसीबीवर एक बारीक टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना हे बघायचं. ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही, म्हणून आईंनी ते स्वतःकडे घेतलं. संकष्टीला, चंद्रोदयाची वेळ बघून झाली की त्या चष्मा लावून बोर्डाशी जातात, "दाबते गं," म्हणून सांगतात आणि बटण दाबतात. घर एकदम काळोखं होतं, फ्रिजची घरघर थांबते. मग त्या खटका वर करतात आणि देवापुढचं ताट वाढायला जातात.