आधी ताटल्या, मग जमीन

कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्यांना भूकंपाची एक खूण अंगवळणी पडलेली असते. आधी मांडणीवरच्या ताटल्या बारीक किणकिणतात, आजी लाटणे थांबवून कान देते, आणि क्षणभराने जमीन आडवा हिसका देते. मधला तो क्षण म्हणजे दोन लहरींच्या वेगांतला फरक, हे मला फार उशिरा, कॉलेजात कळले.

आधी पोहोचणारी प्राथमिक लहर खडकाला आपल्या प्रवासाच्याच दिशेने दाबत आणि ताणत जाते. भूकवचात तिचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर असतो. दुय्यम लहर खडकाला आडवे हलवते आणि सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने मागून येते. खडक तोच, पण दाबले जाण्याला तो जेवढा विरोध करतो, तेवढा आडवे सरकण्याला करत नाही. द्रव तर त्याला मुळीच विरोध करत नाही, म्हणून दुय्यम लहर द्रवातून जाऊच शकत नाही. भूवैज्ञानिक रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींतून या लहरी वेगळ्या ओळखल्या.

प्राथमिक लहर म्हणजे एका अर्थी खडकातून जाणारा ध्वनीच. ‘पदार्थाची घनता जितकी जास्त, तितका ध्वनी वेगवान’ हे शाळेत घोकलेले वाक्य मात्र विसरलेले बरे. ध्वनीचा वेग हवेत २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, पाण्यात सुमारे १,४८० आणि पोलादात ५,९०० च्या आसपास असतो, इथपर्यंत ते वाक्य खरे वाटते. पण पोलादाहून जड असलेल्या शिशात तो पोलादातल्या वेगाच्या निम्माही भरत नाही. घनता लहरीला रोखते, पुढे ढकलते ती स्थितिस्थापकता, म्हणजे दाबल्यावर पुन्हा मूळ आकारात येण्याचा जोर; पोलादात ही दुसरी बाजू वरचढ ठरते एवढेच. १८०८ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बियो यांनी पॅरिसमध्ये ९५१ मीटर लांबीच्या बिडाच्या नळावर ठोका दिला, तेव्हा दुसऱ्या टोकाला तो दोनदा ऐकू आला: आधी धातूतून, आणि सुमारे अडीच सेकंदांनी हवेतून.

जोरात ठोकल्याने ध्वनी लवकर पोहोचत नाही, तसेच भूकंप मोठा असला म्हणून त्याच्या लहरी घाई करत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरजवळ झालेल्या भूकंपाच्या या दोन लहरींमध्ये, वरच्या वेगांनी हिशेब केला तर, सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्यात जवळपास १५ सेकंदांचे अंतर पडते. आमच्या खोऱ्यात आजीचे लाटणे पोळपाटावर टेकेपर्यंतच वेळ मिळायचा.