काका ज्या दारातून अमेरिकेत आले

आत्याला घ्यायला मागच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर गेले होते. विमान तीन तास लेट. सोबत काका होते, वय वर्षं ८१. म्हणाले, "नुसतं बसून काय करायचं? चल, ते जुन्या टीडब्ल्यूए विमान कंपनीचं टर्मिनल बघून येऊ." एअरट्रेन पकडली आणि पाच नंबरच्या टर्मिनलला उतरलो.

ही इमारत १९६२ साली सुरू झाली. तिचा वास्तुविशारद एरो सारिनेन त्याच्या आदल्या वर्षीच गेला, अवघ्या ५१व्या वर्षी. फार वाईट वाटतं, कारण आत पाऊल टाकताच कळतं की या माणसाने एकही कोपरा दुसऱ्यावर सोडलेला नाही. डोक्यावर काँक्रीटची चार कवचं, त्यांच्या फटींतून झिरपणारा उजेड. जमिनीवर शर्टाच्या बटणाएवढ्या गोल पांढऱ्या टाइल्स. त्या तशाच वळत वळत बाकांवर, कठड्यांवर चढतात, आणि जमीन कुठे संपली ते समजतच नाही. मी वाकून हात फिरवला. गार, किंचित खडबडीत. पुढे लाल गालिच्याचा बोगदा, ज्यातून लोक विमानाकडे चालत जायचे.

पण हे सगळं बांधलं ते त्या काळच्या लहान विमानांच्या मापाने. १९७०मध्ये बोइंग ७४७ हे जम्बो जेट आलं आणि एका विमानातून साडेतीनशे माणसं उतरू लागली. मग सामानाचे पट्टे, सुरक्षा तपासणी. त्या काळची बहुतेक टर्मिनलं अशीच अपुरी पडत गेली. २००१मध्ये टीडब्ल्यूए बुडाली आणि हीही इमारत बंद झाली. वाचली, कारण १९९४मध्येच शहराने तिला वारसा दर्जा दिला होता. पाडता येईना, विमानतळ म्हणून चालवताही येईना. २०१९मध्ये तिचं हॉटेल झालं. मला यात काही गैर वाटत नाही. रिकामी ठेवली असती तर ओल धरून गेली असती.

याच विमानतळावरच्या वर्ल्डपोर्टचं, म्हणजे पॅन अॅम या दुसऱ्या विमान कंपनीच्या टर्मिनलचं, नशीब एवढं चांगलं नव्हतं. २४ मे १९६० रोजी ते उघडलं. वर भलंमोठं लंबगोल छप्पर, त्याची कड इतकी पुढे आलेली की पावसातही प्रवासी कोरडा विमानात चढे. बरोबर ५३ वर्षांनी, २४ मे २०१३ला तिथून शेवटचं विमान सुटलं आणि मग ते पाडलं. लोकांनी खूप धडपड केली, पण वारसा दर्जा मिळाला नाही. आता त्या जागेवर विमानं उभी करतात. मला हे आजही पटलेलं नाही.

काका बाकावर टेकले. "सुंदर आहे गं. पण मी इथे नाही उतरलो."

ते आले १९६९ साली, एअर इंडियाने. निरोपाला सांताक्रूझला अख्खी चाळ लोटली होती आणि खिशात होते सरकारने नेऊ दिलेले आठ डॉलर. परदेशी विमानांच्या प्रवाशांसाठी या विमानतळावर इंटरनॅशनल अरायव्हल्स बिल्डिंग होती, १९५७ची. "खाली कस्टमची रांग. वर काचेमागे घ्यायला आलेली माणसं. माझा मित्र वरून हात हलवत होता, काहीतरी ओरडतही होता. काचेतून ऐकू कुठलं येणार! मी रांगेत उभा, बॅग उघडलेली. साहेब आईने दिलेली लोणच्याची बरणी हातात घेऊन उलटसुलट बघतोय."

"मग?"

"मग काय, ठेवून घेतली."

ती इमारत केव्हाच गेली. तिच्या जागी चार नंबरचं टर्मिनल आहे, २००१पासूनचं. एअर इंडिया आजही तिथेच येते. श्रीमंती थाटाची इमारत जपली गेली याचा आनंद आहेच. पण आपल्याकडची कितीतरी माणसं ज्या हॉलमध्ये पहिल्यांदा या देशाच्या जमिनीवर उभी राहिली, त्याची एक फरशीही कुणी जपली नाही, हे मला डाचतं.

परत चार नंबरला आलो. आत्या बाहेर आली, ट्रॉलीवर दोन बॅगा. काकांनी तिला पाया पडू दिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "लोणचं सोडलं का गं त्यांनी?"