घोडा, घोडी, घोडं आणि मेअर

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात कुठेतरी मधल्या पानांवर 'लिंग बदला' असा एक तक्ता असतो आणि तो घोकल्याशिवाय कुणाचीही सुटका होत नाही. बॉय-गर्ल, किंग-क्वीन इथपर्यंत गाडी सुरळीत चालते, मग लायन-लायनेस, टायगर-टायग्रेस येतात आणि पोरांना वाटतं सापडली बुवा यातली मेख, शेवटी एक 'एस' चिकटवला की काम झालं. माझी भाची याच भरवशावर म्हणाली, "मावशी, मग घोडी म्हणजे हॉर्सेस ना?" तर्क बिनतोड होता, फक्त हॉर्सेस म्हटलं की एक घोडी न येता अख्खा कळप येतो. मग तक्त्यात बोट खाली सरकवलं तर हॉर्सपुढे मेअर. ती वैतागलीच. "हे काय, याचा हॉर्सशी काय संबंध?"

तसा संबंध काहीच नाही, आणि त्या तक्त्याच्या खालच्या ओळी सगळ्या अशाच असतात, फॉक्सची व्हिक्सन, ड्रेकची डक, गँडरची गूस. परीक्षेपुरत्या डोक्यात राहतात, पेपर लिहिला की उडून जातात. व्हिक्सन आयुष्यात कधी कुणाला लागली असेल असं मला तरी वाटत नाही. बरं, तो तक्ताही तसा लबाडच, कारण हॉर्स म्हणजे काही फक्त नर नव्हे, हॉर्समधे घोडा घोडी दोघंही आले, नराला म्हणायचं तर स्टॅलियन म्हणायला पाहिजे. पण ते छापलं तर पोरांनी पुस्तकच फेकलं असतं म्हणून बहुतेक सोडून दिलं असावं.

मराठीत आपल्याला हे सगळं फुकट मिळतं हे तेव्हा लक्षात येतं. घोड्याचा आ काढा, ई लावा, झाली घोडी, नवीन काही पाठ करायला नको. वर तिसरं घोडं आहेच. आणि गंमत बघा, आपल्या म्हणी आणि बोलण्यात सगळी चलती आहे ती त्या तिसऱ्याचीच. घोडं कुठं अडलं, वरातीमागून घोडं, एकदाचं गंगेत घोडं न्हालं. घोडदळ, घोडदौड, घोडचूक, घोडेबाजार यात तर नर का मादी हा प्रश्नच येत नाही. घोडीच्या नावावर काय आहे म्हणून आठवायला बसले तर तंबोऱ्याची घोडी आठवली, ज्याच्यावरून तारा जातात ती, आणि पुढे बराच वेळ काही आठवेना.

पण एक म्हण आहे, घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं. ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकतो की तिच्यातलं चित्र बघतच नाही. शिंगरू पाठीवर काही नसताना नुसतं मागं मागं चालून दमून मेलं, पण ते कुणाच्या मागं चाललं होतं? आईच्याच ना. बाप कुठे जातोय याच्याशी शिंगराला काय देणंघेणं. म्हणजे ते ओझ्यानं मेलेलं घोडं घोडीच होती, व्यायलेली, पोर मागं घेऊन बोजा वाहणारी, आणि म्हणीनं तिला नपुंसकलिंगात घालून टाकलं. संस्कृतात तिला वडवा म्हणतात आणि समुद्राच्या पोटातला जो वडवानल आहे तो याच वडवेच्या नावाचा, घोडीच्या तोंडातून निघणारी आग. एवढं जबरदस्त काहीतरी तिच्या नावावर होतं आणि आपण तिला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसवली.

आता मेअरकडे वळते. ऐकायला हा शब्द भलताच घोळ घालणारा आहे. ब्रिटिश लोक शहराच्या महापौराला जे म्हणतात तेही कानाला हुबेहूब असंच लागतं, त्यामुळे महापौर आल्या का घोडी आली हे वाक्यावरूनच ओळखायचं. चंद्रावर जे काळे डाग दिसतात त्यांचं स्पेलिंग तर घोडीच्या मेअरचंच, पण तो लॅटिन शब्द, उच्चार मारे आणि अर्थ समुद्र. जुन्या लोकांना ते डाग पाण्याचे वाटले म्हणून नाव पडलं, आणि 1969 साली आर्मस्ट्राँग उतरला तो अशाच एका कोरड्या समुद्रात, शांतीसागरात. राहता राहिलं नाइटमेअर. त्यात घोडी असेलच असं कुणालाही वाटेल पण नाही, ते मेअर म्हणजे झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून जीव गुदमरवणारं भूत. तरी 1781 साली हेन्री फ्युझेली नावाच्या चित्रकारानं या विषयावर चित्र काढलं त्यात झोपलेल्या बाईच्या छातीवर एक बुटकं भूत बसवलंय आणि मागच्या पडद्यातून डोळे वटारलेलं घोड्याचं डोकं आत घुसवलंय. त्याला दोन्ही अर्थ हवे असणार, चित्रकारांचं काय जातं.

खरी घोडी सापडते ती मात्र जिथे कुणी शोधणार नाही अशा ठिकाणी. मार्शल. एअर मार्शल, फील्ड मार्शल मधला. जुन्या जर्मानिक भाषांमधे घोड्याला जो शब्द होता त्याचंच बाईरूप होत होत इंग्रजीत मेअर झालं, आणि त्याच शब्दाला नोकर जोडून मार्शल झाला, म्हणजे मुळात घोड्यांची देखभाल करणारा गडी. खरारा करता करता राजाच्या पागेचा मुख्य झाला, पागा म्हणजेच सैन्य असायचं तेव्हा सैन्याचा मुख्य झाला, आणि आता विमानांवरसुद्धा हुकूम चालवतो. इतकी मोठी बढती दुसऱ्या कुठल्या मोतद्दाराला मिळाली नसेल.

तर भाचीला मेअर सांगून मी मोकळी होणार होते पण मलाच चैन पडेना म्हणून अजून खोदलं, तर कळलं की मेअर ही एकटी नाही, मागे अख्खं खानदान आहे. जन्मलं की फोल. वर्षाचं झालं की इयरलिंग. पोर नर असेल तर कोल्ट, मादी असेल तर फिली. कोल्ट मोठा झाला की स्टॅलियन, पण खच्ची केला तर गेल्डिंग. फिली मोठी झाली की मेअर, आणि मेअर पैदाशीसाठी ठेवली की ब्रूडमेअर, वंशावळीत आई म्हणून लिहायची तर परत वेगळं, डॅम, आणि बापाला सायर. हे वाचताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे व्याकरण नाहीच मुळी, ही खतावणी आहे. घोडा विकत घेणाऱ्याला जे जे विचारायचं असतं, वय किती, नर का मादी, खच्ची केलाय का, वीण देईल का, त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकेका शब्दात कोंबून ठेवलंय. नंतर कधीतरी मास्तर लोकांनी त्यातला एक शब्द उचलून पोरांच्या तक्त्यात टाकला आणि बाकी हिशोब बाजारातच राहिला.

खतावणी म्हणते याला कारण आहे. फिलीची मेअर कधी होते, तर वयात आल्यावर वगैरे असं काही मोघम नाही, रेसवाल्यांनी ते पक्कं ठरवून ठेवलंय. ब्रिटन अमेरिकेत पाचाची झाली की मेअर, ऑस्ट्रेलियात चाराचीच झाली तरी मेअर, म्हणजे तीच घोडी एका देशात बाई आणि विमानानं दुसऱ्या देशात नेली की परत पोरगी. त्यात वाढदिवसही खरा धरत नाहीत. रेसच्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस उत्तर गोलार्धात सगळ्यांचा मिळून 1 जानेवारी, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडकडे 1 ऑगस्ट. एखादं शिंगरू बिचारं 31 डिसेंबरला जन्मलं तर दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं होऊन बसतं, धड उभं राहायला शिकतंय आणि हे म्हणतात इयरलिंग. पुढे त्याला अकरा बारा महिने मोठ्या घोड्यांबरोबर समवयस्क म्हणून पळावं लागणार. म्हणून मालकांची सगळी धडपड अशी की शिंगरू 1 जानेवारी उलटल्यावर लगेच व्हावं.

आणि इथे घोडी आडवी येते. तिचं शरीर दिवसाच्या उजेडावर चालतं. थंडीत दिवस लहान असतो तेव्हा ती गप्प, उजेड वाढायला लागला की माजावर येणार, आणि पोटात शिंगरू राहणार साधारण अकरा महिने, म्हणजे निसर्गाच्या हिशोबानं पोर होणार ते पुढच्या वसंतात, गवत कोवळं असताना. याच्यावर माणसानं काय तोड काढावी, तर ऐन थंडीत तबेल्यात दिवे लावून ठेवायचे, दिवसाचा आणि दिव्याचा मिळून सोळा तास उजेड झाला की काही आठवड्यांनी घोडीला वाटतं आला वसंत. एका तारखेसाठी केवढी ही फसवणूक. मला तर त्या दिव्याखाली उभ्या असलेल्या घोडीची दयाच आली, बाहेर थंडी आणि डोक्यावर उन्हाळा.

एवढं करून शेवटी वेळ तिच्याच मर्जीनं ठरते म्हणा. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आजूबाजूला सामसूम झाल्यावर. राखणदार रात्ररात्र जागतात आणि जरा चहा घ्यायला गेले की ही मोकळी. पाणमोट फुटली की मग मात्र सगळं भराभर, अर्ध्या तासाच्या आत पोर बाहेर. आधी पुढचे दोन पाय, एक जरासा पुढे एक मागे, आणि त्यांच्यावर टेकवलेलं नाक. त्या पायांचे खूर बघितले तर दचकायला होतं, कारण खुराच्या तळाला पांढऱ्या मऊ बोटांसारख्या झालरी लोंबत असतात, रबरासारख्या, खूर कसला एखादा समुद्री प्राणी वाटावा. आईच्या पोटात लाथा मारताना तिला आतून इजा होऊ नये म्हणून ही सोय. पोर उभं राहून चार पावलं टाकायला लागलं की त्या झिजून गळून जातात. तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे, तीन तासांत आईची वार पडली पाहिजे, असा घोडेवाल्यांचा एक दोन तीनचा ठोकताळा असतो आणि याच्यापेक्षा उशीर झाला की डॉक्टरला फोन. त्या दोन तासांत ते शिंगरू जे काही करतं ते बघायला मजा येते, चारही पाय चार दिशांना, उठतं पडतं, आईच्या छातीला लुचतं, गुडघ्याला लुचतं, भिंतीलाही लुचून बघतं, आणि ती शांत उभी राहून घशातल्या घशात हळू आवाज काढत असते, खिंकाळणं नाही, गुरगुर म्हणावं तर तीही नाही. कास एवढीशी, सड दोनच, तेही मागच्या मांड्यांच्या अगदी आत. सापडणार कसं लगेच.

डॅम आणि सायरच्या रकान्यांची एकदा चांगली जिरली तेही सांगते. 2003 साली इटलीत प्रोमेटिया नावाचं शिंगरू जन्मलं, जगातला पहिला क्लोन केलेला घोडा, म्हणजे घोडीच. जिच्या पेशीपासून ती बनवली तिच्याच पोटात वाढवली, म्हणजे त्या घोडीनं स्वतःच्याच जुळ्या बहिणीला जन्म दिला. आता हिची डॅम कोण लिहायची ते लिहा. सायरचा तर प्रश्नच मिटला.

रेसमधे एरवी घोड्यांबरोबर पळताना मादीच्या पाठीवर बऱ्याच ठिकाणी थोडं वजन कमी देतात, बाई म्हणून सवलत. आणि मग विन्क्ससारखी एखादी येते. ऑस्ट्रेलियाची ही घोडी 2015 च्या मे महिन्यात जिंकली ती तिकडच्या हिशोबानं फिली असताना, ऑगस्टात कागदावर मेअर झाली, खरा वाढदिवस तर अजून पुढे सप्टेंबरात होता, पण तिला या कशाशी काही घेणं नव्हतं, ती जिंकतच सुटली ती 2019 च्या एप्रिलपर्यंत, ओळीनं 33 रेसेस. सुरुवातीला मागे रेंगाळायची, इतकी की बघणाऱ्याला वाटावं गेली आज, आणि शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूनं येऊन सगळ्यांना ओलांडून जायची. ते व्हिडिओ मी एकामागोमाग एक बघत बसले, निकाल आधीच माहीत असताना दर वेळी धडधडत होतं.

रेसमधून निवृत्त झाली आणि लगेच नवीन रकान्यात गेली, ब्रूडमेअर. पहिलं पोर जगलं नाही. नंतर 2022 मधे फिली झाली आणि 2024 च्या एप्रिलमधे ती इयरलिंग म्हणून लिलावात उभी राहिली, एकाही रेसमधे न पळलेली, पाठीवर जॉकी न बसलेली. बोली गेली एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर. आणि एवढे पैसे मोजून घेतली कुणी, तर विन्क्सच्याच मालकांपैकी एका बाईंनी, म्हणजे घरचीच पोर बाजारात उभी करून, हातोडा पडेपर्यंत बोली लावून परत घरी आणली.