पैसे गेले, ऑर्डर नाही : वू-कॉमर्सची साइट ठप्प होते तेव्हा

सांगलीत आमच्या काकांचं पुस्तकांचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी सांभाळते. साइट बनवायला वर्डप्रेस, त्यावर ऑनलाइन दुकान चालवणारं वू-कॉमर्स हे प्लगइन (जोडप्रोग्राम) आणि साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. एरवी तिच्याकडे फारसं बघावं लागत नाही. दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी सुरू झाली की मात्र रोज पार्सलं निघतात, आणि नेमकी तेव्हाच साइट ठप्प व्हायला लागली. पान उघडता उघडत नाही, आणि शेवटी 508 असा आकडा दिसतो. शेअर्ड होस्टिंगवर याचा अर्थ एवढाच, की आपल्या खात्याला ठरवून दिलेली मर्यादा संपली.

साइट हळू चालली तर गिऱ्हाईक वैतागतं, पण पुन्हा येतं. इथे प्रकरण त्याच्या पुढे गेलं होतं. काकांचा फोन आला, "अगं, मिरजेच्या एका बाई विचारतायत. त्यांच्या खात्यातून पैसे गेलेत आणि आपल्याकडे ऑर्डर रद्द दिसतेय. काय सांगू त्यांना?"

हे कसं होतं ते दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. यूपीआयने पैसे भरले गेले की पेमेंट गेटवे, म्हणजे आपल्यासाठी पैसे स्वीकारणारी सेवा, आपल्या साइटला तसं कळवतो, त्या निरोपाला वेबहुक म्हणतात. तो निरोप आला त्या क्षणी साइटच 508 देत असेल, तर तो पोचत नाही. पैसे गेटवेकडे जमा, आपल्याकडे ऑर्डर 'पेमेंट बाकी'. त्यात वू-कॉमर्स न भरलेल्या ऑर्डरीसाठी स्टॉक कायम अडकवून ठेवत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे 60 मिनिटं वाट बघतं आणि ऑर्डर रद्द करतं. म्हणजे ज्यांनी विश्वासाने आधी पैसे भरले त्यांच्याच ऑर्डरी रद्द होत होत्या. म्हणून सर्व्हरला हात लावण्याआधी मी गेटवेची यादी आणि आमच्या ऑर्डरींची यादी शेजारी ठेवून एकेक नोंद जुळवली, रद्द झालेल्या ऑर्डरी परत चालू केल्या आणि स्टॉकची मुदत वाढवली. काकांनी प्रत्येकाला स्वतः फोन केले. कुणावर असा प्रसंग आला तर याच क्रमाने जा. साइट तासभर उशिरा सुधारली तरी चालेल, पैसे भरलेला माणूस ताटकळता कामा नये.

होस्टिंगवाल्यांकडे तक्रार (तिकीट) टाकली होती. उत्तर आलं, की तुमचं ऑनलाइन दुकानाचं प्लगइन सर्व्हरवर ताण आणतंय, ते बंद करा नाहीतर मोठा प्लॅन घ्या. दुकानाचं प्लगइन बंद करायचं म्हणजे दुकानच बंद करायचं. आणि मोठा प्लॅन घ्यायला हरकत नव्हती, पण कशामुळे ताण येतोय हेच कळलं नसेल तर मोठ्या प्लॅनचीही तीच गत होणार.

होस्टिंग सांभाळायच्या सी-पॅनलमध्ये 'रिसोर्स युसेज' नावाचा भाग असतो. तिथे सीपीयूची रेघ दिवसभर छताला टेकलेली, आणि 'एंट्री प्रोसेसेस' म्हणजे एकाच वेळी चालू असलेल्या विनंत्या, त्याही 20 पैकी 20. पण अ‍ॅनालिटिक्समध्ये त्याच वेळी साइटवर जेमतेम चार माणसं दिसत होती. चार माणसं 20 जागा कशा अडवतील? इथेच मला खरा धागा सापडला. अ‍ॅनालिटिक्स ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर चालतं. जो पाहुणा जावास्क्रिप्ट चालवतच नाही, तो त्यात दिसत नाही.

तरी नेहमीची पद्धत सोडली नाही. साइटची स्टेजिंग प्रत, म्हणजे चाचणीसाठी वेगळी नक्कल, काढली आणि तिच्यावर एकेक प्लगइन बंद करून पाहिलं. क्वेरी मॉनिटर नावाचं फुकट प्लगइन आहे, त्यात डेटाबेसला विचारलेली कुठली क्वेरी किती वेळ घेते ते पानागणिक दिसतं. स्टेजिंगवर सगळं सुरळीत, कुठलंही प्लगइन बंद करा वा चालू ठेवा. याचाही अर्थ होतो. कोड आणि डेटा तोच असून प्रत नीट चालते, मूळ साइट बसते, तर फरक बाहेरून येणाऱ्या गर्दीत आहे.

मग सी-पॅनलमधून कच्चा अ‍ॅक्सेस लॉग उतरवला. ती नुसती मजकुराची फाइल असते. एका विनंतीला एक ओळ. कुणाचा आयपी, किती वाजता, कुठला पत्ता मागितला, काय उत्तर मिळालं, आणि मागणारा स्वतःचं नाव काय सांगतो. ओळींमागून ओळी याच थाटाच्या : पुस्तकांचं पान, प्रश्नचिन्ह, मग फिल्टर-लेखक अमुक, फिल्टर-प्रकाशक तमुक, फिल्टर-वयोगट, फिल्टर-भाषा, आणि शेवटी क्रम किमतीनुसार. पुढच्या ओळीत तेच सगळं, फक्त प्रकाशक बदललेला. त्याच्या पुढच्या ओळीत क्रम बदललेला. मागणारे बहुतेक बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम. काही सर्च इंजिनांचे, काही एआयसाठी मजकूर गोळा करणारे, काही नाव न सांगणारे.

आमच्या साइटवर बाजूच्या पट्टीत चार फिल्टर होते. 40 लेखक, 25 प्रकाशक, 3 भाषा, 5 वयोगट. प्रत्येकातून एक निवडायचा किंवा एकही नाही, एवढंच धरलं तरी 41 गुणिले 26 गुणिले 4 गुणिले 6, म्हणजे 25,584 वेगवेगळे पत्ते होतात. वू-कॉमर्समध्ये पुस्तकं लावण्याचे क्रम 6. झाले दीड लाखांवर. एका फिल्टरमध्ये दोन-तीन लेखक एकदम निवडता येतात, ते तर यात धरलेलेच नाहीत. माणूस यातले दोन-चार पत्ते उघडतो. बॉटला प्रत्येक दुवा म्हणजे नवीन पान. आणि प्रत्येक पत्ता वेगळा असल्यामुळे कॅशमध्ये, म्हणजे तयार पानांच्या साठ्यात, पान कधीच सापडत नाही, दरवेळी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) आणि डेटाबेस दोघांना उठून काम करावं लागतं.

पीएचपी-मायअ‍ॅडमिन (डेटाबेस आतून दाखवणारं साधन) उघडून वर्डप्रेसचं ऑप्शन्सचं टेबल आकारमानानुसार लावलं, तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. 'प्रकाशक (12)', 'प्रकाशक (7)' असे फिल्टरपुढे जे आकडे दिसतात, ते मोजायला वेळ लागतो म्हणून वू-कॉमर्स साठवून ठेवतं. पण प्रत्येक जुळणीसाठी वेगळी नोंद नसते. एका गुणधर्माची, म्हणजे लेखक किंवा प्रकाशक अशा एका फिल्टरची, सगळी उत्तरं एकाच ओळीत. नवी जुळणी आली की ती ओळ वाचायची, उलगडायची, तीत भर घालायची, पुन्हा लिहायची. मुदत एक दिवसाची, पण प्रत्येक लिखाणाबरोबर ती नव्याने सुरू होते. बॉट थांबत नव्हते, त्यामुळे ती ओळ कधी संपतच नव्हती, फुगत फुगत काही एमबींची झाली होती. थोड्या वर्दळीत जी सोय वेळ वाचवते, तीच या गर्दीत सर्व्हरला जड झाली होती. वू-कॉमर्सच्या 'स्टेटस'मधल्या 'टूल्स'मध्ये ट्रान्झियंट (अशा तात्पुरत्या साठवलेल्या नोंदी) पुसायची सोय आहे, ती वापरली आणि एका ओळीच्या कोडने ही साठवण बंद केली.

खरा उपाय मात्र फिल्टर कमी करण्याचा होता, आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. लेखक आणि प्रकाशक हे फिल्टर काढून टाकले आणि त्यांची स्वतंत्र पानं केली. वाचक लेखक शोधतो तो नावाने शोधतो, चाळण्या लावत बसत नाही. अशी पानं मोजकी असतात आणि कॅशमध्ये छान राहतात. उरलेल्या दोन फिल्टरांसाठी रोबोट्सच्या फाइलमध्ये 'इकडे येऊ नका' असं लिहिलं. सभ्य बॉट ते पाळतात, पण लगेच नाही. गूगल ती फाइल साधारण 24 तास जुनी वापरू शकतं. जे पाळत नाहीत त्यांच्यासाठी एचटी-अ‍ॅक्सेसमध्ये (सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये) नियम घातला : जुन्या फिल्टरांचा पत्ता मागितला आणि मागणारा आपल्याच साइटच्या दुसऱ्या पानावरून आलेला नसला, तर वर्डप्रेसला उठवायचंच नाही, सर्व्हरनेच 403 ('परवानगी नाही') देऊन परत पाठवायचं. 'कार्टमध्ये टाका'च्या दुव्यांनाही असाच बांध घातला, कारण बॉटने तो दुवा उघडला की त्याच्या नावाने सेशनची (एका पाहुण्याच्या भेटीची) नोंद तयार होते आणि ती 48 तास पडून राहते.

बाकीची कामं किरकोळ होती. वर्डप्रेसचं क्रॉन, म्हणजे वेळ ठरवून दिलेली कामं करणारी यंत्रणा, मूळ मांडणीत पाहुणा आला की चालतं, म्हणजे बॉटांच्या गर्दीत तेही सारखं जागं होतं. ते बंद करून सी-पॅनलच्या क्रॉनवर दर पंधरा मिनिटांनी लावलं. कार्टचा आकडा ताजा ठेवणारी विनंती प्रत्येक पानावर जात होती. वू-कॉमर्सच्या 7.8 या आवृत्तीपासून छोटं कार्ट दाखवणाऱ्या पानांवरच ती जाते. आमची थीम जुनी असल्याने हाताने बंद करावी लागली.

सीपीयूची रेघ खाली आली, प्लॅन आहे तोच आहे, आणि वेबहुक चुकलेला नाही. तरीही गेटवेची यादी आणि ऑर्डरी रोज संध्याकाळी जुळवायची पद्धत आम्ही ठेवली आहे. काका वहीत लिहितात, मी पडद्यावर बघते. आता एकच काम राहिलंय. आमच्या ऑर्डरी अजून वर्डप्रेस जिथे लेख ('पोस्ट') ठेवतं त्या जुन्या टेबलांत आहेत. ऑक्टोबर 2023 मधल्या वू-कॉमर्स 8.2 पासून नव्या दुकानांना ऑर्डरींची स्वतंत्र टेबलं आपोआप मिळतात, जुन्यांना ती स्वतः चालू करावी लागतात. आमचं कुरिअरचं प्लगइन अजून त्यांच्याशी जुळत नाही, म्हणून ते दिवाळी उरकल्यावर, आधी स्टेजिंगवर.