माथेरान वसवलं कुणी?

नेरळला कर्जत लोकलमधून उतरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठला की गाड्यांचं राज्य संपतं. पुढे माथेरान पायी, घोड्यावर नाहीतर मिनी ट्रेनने. आम्ही रुळांच्या कडेने अमन लॉज स्टेशनहून चालत निघालो. पाऊस नुकताच सरला होता, झाडीतून अजून पाणी ठिबकत होतं आणि पँटच्या कडा लाल मातीने माखत होत्या. समोरून घोडा आला, दोन्ही अंगांना एकेक गॅस सिलिंडर बांधलेला. त्याच्यामागे एक माणूस डोक्यावर कांद्याची गोण घेऊन, मान जराही न हलवता चालत होता. इथल्या हॉटेलात आपण जी कांदाभजी खातो, तिचा कांदा असा वर येतो.

माथेरानचा इतिहास सांगताना सगळे सुरुवात करतात ती ह्यू मॅलेटपासून. हे ठाण्याचे कलेक्टर. मे १८५० मध्ये चौक गावी मुक्कामाला असताना ते डोंगर चढून वर आले, हवा आवडली आणि पुढे त्यांनी इथे घरही बांधलं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी वसाहतीला चालना दिली. मग साहेबांचे बंगले झाले, पारशी, बोहरी आणि गुजराती शेटजींचे झाले. पॉइंटांना लुईझा, पॅनोरमा अशी नावं पडली. हे सगळं खरंच आहे. पण या डोंगरात धनगर, ठाकर आणि कातकरी आधीपासून राहत होते, वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. म्हणून ‘माथेरानचा शोध लागला’ हे वाक्य मला पटत नाही.

याची खूण बघायची तर शार्लोट लेकवर जावं. ओढ्याला बांध घालून केलेला हा तलाव, गावाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. नाव साहेबी, पण काठावर बसलाय तो पिसरनाथ, माथेरानचा ग्रामदेव. देऊळ लहानसं, आत शेंदूर माखलेली स्वयंभू पिंड. आम्ही गेलो तेव्हा एक आजी पायरीवर बसून फुलांच्या पुड्या बांधत होत्या. बांधावरून पाण्याचा पातळ पडदा पलीकडच्या दरीत उतरत होता. तिथे बराच वेळ थांबलो.

रेल्वेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, थोडक्यात सांगते. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि मुलगा अब्दुल हुसेन यांची जिद्द. काम १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली. दोन फुटी रुळांचा सुमारे २१ किलोमीटरचा नागमोडी मार्ग, खर्च १६ लाख.

मुंबईकरांना त्याहून जवळची गोष्ट भाई कोतवालांची. दादरला प्लाझाजवळच्या वीर कोतवाल उद्यानाला ज्यांचं नाव आहे, ते विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी याच माथेरानमध्ये, एका नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले, आणि सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यपेढ्या काढल्या. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानला येऊन घोड्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

परतताना बाजारात एका हातरिक्षावाल्या काकांशी बोलणं झालं. या रिक्षा एक माणूस पुढून ओढतो, बाकीचे मागून ढकलतात, चढावर तर अंगातलं पाणी होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि या लोकांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, असा आदेश दिला.

“ताई, ओढायची हौस कुणाला असते? वडिलांनी ओढली, मी ओढली,” काका म्हणाले. “फक्त ई-रिक्षा आली की ती आमच्याच हातात आली पाहिजे. भलत्याच्या नाही.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बंगलेवाल्यांना, पाहुण्यांना, त्यांच्या ट्रंकांना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा घाट चढवला, त्यांच्यापैकी एकही ओढणारा या वाटपातून सुटता कामा नये. माथेरानला जाणाऱ्या आपण पर्यटकांनीही हे तिथे गेल्यावर विचारत राहायला हवं.