कॅथलिक कॉलेजांची तुलना आणि अडलेला सातबारा

मुलीसाठी कॉलेज निवडताना आमची तुलना धर्म, अभ्यासक्रम किंवा वसतिगृह यांपैकी कशावरच अडली नाही. ती एका कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात अडली, आणि त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या, मुंबईच्या सेंट झेवियर्सची विद्यार्थिनी असल्यामुळे अमेरिकेतील 27 जेझुइट कॉलेजांकडे माझा ओढा होता. पण कॅथलिक म्हणजे जेझुइटच असे नाही. व्हिलानोव्हा ऑगस्टिनियन संघाचे आहे, प्रॉव्हिडन्स डॉमिनिकन संघाचे, तर आमच्या जवळचे सीटन हॉल नेवार्कच्या धर्मप्रांताचे. नावावर तर मुळीच जाऊ नये : वुस्टरचे होली क्रॉस कॉलेज जेझुइटांचे आहे आणि होली क्रॉस संघाने स्थापन केलेले विद्यापीठ म्हणजे नोटर डेम.

खरा फरक सक्तीच्या विषयांत दिसतो. बॉस्टन कॉलेजात ईश्वरविद्या आणि तत्त्वज्ञान यांचे प्रत्येकी दोन अभ्यासक्रम करावे लागतात, व्हिलानोव्हात पहिल्या वर्षाची दोन्ही सत्रे ऑगस्टीन आणि संस्कृती या विषयाचे चर्चासत्र लहान वर्गात चालते, तर प्रॉव्हिडन्समध्ये पाश्चात्त्य संस्कृतीचा अभ्यास चार सत्रे असतो. हे सगळे अध्ययन आहे, उपासनेची सक्ती नाही, हे आपल्याकडच्या आजीआजोबांना आवर्जून सांगावे. नोटर डेममध्ये मुलामुलींची वसतिगृहे वेगळी असतात. जॉर्जटाउनमध्ये हिंदू विद्यार्थ्यांसाठी धर्मालय आहे.

आता पैशांबद्दल. यांपैकी अनेक कॉलेजांना केवळ फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक साहाय्याचा अर्ज, पुरत नाही. ती सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा अधिक सविस्तर अर्जही मागतात आणि त्यात भारतातील मालमत्ताही दाखवावी लागते. सातारा जिल्ह्यात माझ्या यजमानांची वडिलोपार्जित शेती आहे, सातबाऱ्यावर त्यांच्याबरोबर चुलत्यांची आणि आत्यांची नावे आहेत आणि वाटप कधी झालेलेच नाही. इतर कॉलेजांनी आमचे निवेदन मान्य केले. या एका कार्यालयाने मात्र जमिनीच्या किमतीचा अधिकृत कागद मागितला. आम्ही डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पाठवला, तेव्हा भाषांतर हवे असे उत्तर आले; भाषांतर पाठवले, तेव्हा त्यात किंमत नाही असे कळवण्यात आले. सातबाऱ्यावर क्षेत्र, आकार आणि पीक असते, किंमत नसतेच, हे मी सविस्तर लिहिले, आणि त्यावर पुन्हा तेच छापील उत्तर आले. संकेतस्थळावर आमच्या नावापुढे ‘अपूर्ण’ हा शेरा तसाच राहिला. बहुतेक कॉलेजांना 1 मेपर्यंत होकार आणि अनामत रक्कम द्यायची असते, आणि एका कॉलेजचा आकडाच हाती नसेल तर कशाची कशाशी तुलना करायची? मुलगी रोज विचारी आणि माझ्याकडे उत्तर नसे.

शेवटी मी एका पानाचे पत्रक तयार केले : सातबाऱ्यावरील क्षेत्र, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या रेडीरेकनरमधील त्या गावाचा दर, यजमानांचा हिस्सा, त्या दिवसाचा डॉलरचा भाव, आणि जमीन अविभक्त असून ती चुलते कसतात व तिचे उत्पन्न आम्हाला मिळत नाही, हे स्पष्ट विधान. दूरध्वनी करून आमची फाइल नेमकी कोणाकडे आहे ते विचारले आणि पत्रक थेट त्या अधिकाऱ्यांना पाठवले. त्यानंतर गाडी हलली. तुमची गावाकडे जमीन असेल, तर असे पत्रक अर्जाच्या आधीच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, करून ठेवा.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावरील निव्वळ खर्चाचे गणकयंत्र त्याही आधी वापरावे. राहते घर फाफ्सात धरले जात नाही, सीएसएस प्रोफाइलमध्ये मात्र त्याची माहिती विचारतात, म्हणून दोन्हींचे अंदाज जुळत नाहीत.

मुलीने त्या चर्चासत्रासाठी व्हिलानोव्हा निवडले. तिने स्वतः विचार करून केलेल्या या निवडीचा मला फार अभिमान आहे. साहाय्याचे पत्र वाचताना अनुदान कोणते आणि कर्ज कोणते हे वेगळे करून बेरीज करावी, आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकवण्यासाठी किती गुण लागतात, हे अनामत भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.