तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारच्या बांधकाम परवानगीविरुद्ध आपण कोर्टात जाऊ शकतो का?

आमच्या सोसायटीमागच्या लग्नाच्या लॉन्सला आम्ही विरोध केला तेव्हापासून हे सारखं विचारलं जातं, की जागा दुसऱ्याची, परवानगी महापालिकेची, मग आपण कोण बोलणारे? महापालिकेच्या ऑफिसात आम्हालाही आधी हेच ऐकवलं, "तुमचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो सुप्रीम कोर्टाने 1974 मध्येच उडुपीच्या केसमध्ये मान्य केलाय. रहिवासी भागात आधी मंगल कार्यालयाची परवानगी आणि मग नगरपालिकेने तिथेच थिएटर करायला मंजुरी दिली. मालकाचा खर्च झालाय म्हणून हायकोर्टाने हात आखडता घेतला, सुप्रीम कोर्टाने मात्र ते ऐकलं नाही, नगररचना योजना लोकांसाठी असते, ती मोडली की तिथल्या रहिवाशांच्या हक्कावरच घाला येतो असं स्पष्ट म्हटलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

पण एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम 47 खालचं अपील फक्त अर्जदाराला आहे, म्हणजे बिल्डरला नकार मिळाला तर तो अपिलात जाणार आणि त्याला परवानगी मिळाली तर शेजाऱ्याला ते दारच नाही, हे मला साफ अन्यायाचं वाटतं. म्हणून आपल्याला हायकोर्टात रिट, म्हणजे त्या परवानगीला थेट आव्हान देणारी याचिका करावी लागते.

तिथे व्ह्यू जाईल, फ्लॅटचा भाव पडेल यावर भर देऊ नका, त्यावर केस उभी राहत नाही. नियम कुठे मोडला आणि त्यामुळे तुमचं काय बिघडतं हे दोन्ही जोडून दाखवा. आम्ही आरटीआयमधून मंजूर नकाशा काढला, त्यात रस्ता नऊ मीटर, तळमजल्यावरचे काका आणि मी टेप घेऊन गेलो तर गटाराच्या कडेपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत सहाच्या वर जाईना, आणि आग लागली तर बंब त्याच रस्त्याने आमच्याकडे येणार. वकिलांनी ते माप पिटिशनमध्ये पहिल्याच पानावर घेतलं.

उशीर अजिबात नको, स्लॅब पडल्यावर गेलात तर इतके दिवस काय करत होतात हा प्रश्न येणारच. सोसायटीच्या नावाने जायचं तर जनरल बॉडीचा ठराव आधी करून घ्या, नाहीतर समोरचा वकील पहिल्या तारखेलाच त्यावर बोट ठेवतो.

प्रोजेक्टला पर्यावरण मंजुरी असेल तर तिच्यावर अपील एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, त्याचं पुण्यात बेंच आहे. मुदत 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60, त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, त्यामुळे मंजुरीची तारीख आजच काढून ठेवा.